केजन उपाहारगृहात काय मागवावे?

प्रश्न : ह्यूस्टनला मुलगा आम्हांला केजन सीफूडच्या उपाहारगृहात नेणार आहे. आम्ही मासे खातो, डुकराचे मांस नाही, काय मागवावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : १७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडाच्या पूर्वेकडील अकेडिया या भागातून हुसकावलेल्या आणि पुढे अमेरिकेतील लुइझियानात स्थिरावलेल्या फ्रेंच भाषकांची ही पाककला असून, तिच्यात सॉसेज सढळ हाताने पडते व ते बहुधा डुकराच्या मांसाचेच असते. म्हणून क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातील छोट्या शेवंडीसारखा जीव, मका-बटाट्यांसह उकडून मागवताना सॉसेज वगळण्यास सांगावेच, शिवाय ते त्याच पाण्यात शिजते का, हेही विचारावे. गंबो या दाट रश्शात भेंडी दिसली, तरी तो निर्धोक समजू नये. तळलेली कोळंबी त्या मानाने सोपी; मात्र इतक्या दूर जाऊन तेवढेच खाणे मला तरी पटत नाही.