दुसऱ्या हाफला पाय उचलत नाहीत, क्रिएटीन घेऊ की प्री-वर्कआउट?

तू विचारलंयस ते असं: कबड्डीत मेन रेडर, वय २०, वजन ७४ किलो, पूर्ण शाकाहारी, पहिला हाफ मस्त जातो आणि दुसऱ्या हाफला पाय जड पडतात. जिममधला एक मित्र म्हणतो प्री-वर्कआउट (खेळाआधी घ्यायची कॅफिनवाली पावडर) मार, दुसरा म्हणतो क्रिएटीन (स्नायूतला झटपट ताकदीचा साठा वाढवणारी पावडर) घे, आणि घरचे म्हणतात किडनी जाईल. माझं म्हणशील तर मी युनिव्हर्सिटीपर्यंत कबड्डी खेळलोय, आता आमच्या मंडळातल्या पोरांचा फिटनेस बघतो, तू धाकट्या भावाच्या वयाचा म्हणून अरेतुरे करतोय.

माझं मत सरळ सांगतो, क्रिएटीन घे, प्री-वर्कआउटच्या डब्याला हात लावू नकोस. पण आधी पाय का जड होतात ते बघ. बोनसला पाय टाकणं, टच करून एकदम मागं फिरणं, कव्हर अंगावर आला की मिडलाईनकडं झेप, हे सगळं दोन-चार सेकंदांचं काम आणि त्याची बरीचशी ताकद स्नायूत साठवलेल्या फॉस्फोक्रिएटीनमधून, म्हणजे क्रिएटीनपासून बनलेल्या झटपट इंधनातून येते. १९९३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी काही पुरुषांना सायकलवर ६ सेकंदांचे १० स्प्रिंट मारायला लावले, मधे फक्त ३० सेकंद विश्रांती. दहाव्या स्प्रिंटला ताकद पहिल्यापेक्षा २७ टक्के कमी झाली होती, आणि ग्लायकोजेन (स्नायूत साठलेली साखर) फोडून मिळणाऱ्या झटपट एनर्जीचा वाटा ४४ टक्क्यांवरून १६ वर आला होता, म्हणजे शेवटी शेवटी भार जवळजवळ सगळा फॉस्फोक्रिएटीनवर आणि श्वासावर. वापरलेलं फॉस्फोक्रिएटीन अर्धं भरायलाच अर्धं-एक मिनिट लागतं, पूर्ण भरायला कितीतरी मिनिटं, आणि तुला तर समोरच्याची एक रेड झाली की परत जायचंय, त्यात ती रेड पकडायला पण तूच साखळीत उभा.

आता गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आण. क्रिएटीन टाकी थोडी मोठी करतं, पण टाकी भरणारी मोटर म्हणजे तुझा दम, कारण फॉस्फोक्रिएटीन परत बनायला ऑक्सिजनच लागतो. म्हणून जी पोरं नुसतं स्क्वॉट मारतात आणि पळायला कंटाळतात ती दुसऱ्या हाफला बसतात, कितीही पावडर खाल्ली तरी. आठवड्यातून दोनदा तरी आरामात बोलता येईल अशा स्पीडने लांब पळ, आणि एकदा छोटे स्प्रिंट कमी विश्रांतीत, सरळ नाही तर वळून मागं येणारे. हे सोडून पावडरचा विचारच करू नकोस.

शाकाहारी असल्याचा इथं तुला फायदाच आहे बरं का. जेवणातून क्रिएटीन मिळतं ते मांस-मासळीतून, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूत साठा मुळातच कमी असतो आणि सप्लिमेंटचा फरक जास्त दिसू शकतो. साधं क्रिएटीन मोनोहायड्रेट घे, महागडे प्रकार त्यापेक्षा सरस ठरलेले नाहीत. रोज ३ ते ५ ग्रॅम, साधारण महिन्याभरात साठा भरतो. लोडिंग म्हणजे दिवसाला २० ग्रॅम पाच-सात दिवस, त्यानेही तिथंच पोचतोस फक्त लवकर, पण पोट बिघडू शकतं आणि पाण्यामुळे किलो-दीड किलो वजन वाढतं, सो वजनी गटात खेळत असशील तर स्पर्धेच्या तोंडावर अजिबात सुरू करू नको.

प्री-वर्कआउटवर एवढा का चिडतो सांगतो. त्यातलं बीटा-अलानिन अंगाला मुंग्या आणतं आणि पोरांना वाटतं पावडर चढली, पण ते रोज ३ ते ६ ग्रॅम असं महिनाभर घेतलं तर काम करतं, मॅचच्या दिवशी एक स्कूप मारून काही नाही, आणि त्याचा फायदा दिसतो तो मुख्यतः एक ते चार मिनिटांच्या सलग जोरात, तुझ्या छोट्या झटक्यांना कमी. उरलं कॅफिन, ते कॉफीत पण मिळतं. आणि मोठी भीती डोपिंगची. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०० मीटर जिंकलेल्या नायजेरियाच्या ओलुदामोलाचं गोल्ड मिथाइलहेक्झानामिन या बंदी असलेल्या उत्तेजकामुळे गेलं, आणि तेच द्रव्य त्या काळी कित्येक प्री-वर्कआउट पावडरींमध्ये असायचं. नाडाची (डोपिंग तपासणारी आपली राष्ट्रीय संस्था) टेस्ट पॉझिटिव्ह आली तर 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही, शरीरात सापडलं की जबाबदारी तुझी. डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे म्हणजे डोपिंगसाठी सेफ असं अजिबात नाही, क्रिएटीन घेतानाही बॅच टेस्ट केलेलं, म्हणजे बंदी असलेल्या द्रव्यांसाठी तपासलेलं, इन्फॉर्म्ड स्पोर्टचा शिक्का असलेलं बघ.

थकवा लांबवायला खायचा सोडा घेतात काहीजण, तुझ्या वजनाला २० ग्रॅमच्या वर जातो, मळमळ-जुलाब झाले तर मॅच गेली, सोडून दे. त्यापेक्षा एका दिवसात तीन मॅच असतील तर मधे केळी, गूळपोळी, दहीभात असं काहीतरी पोटात जाऊ दे, बरीच पोरं नुसत्या चहावर फायनलला उभी राहतात हे बघून जीव तुटतो.

किडनीचं म्हणशील तर निरोगी माणसाला या डोसने नुकसान झाल्याचं अभ्यासात दिसलेलं नाही. पण क्रिएटीनमुळे रक्तातलं क्रिएटिनिन (ज्यावरून किडनी तपासतात ते) थोडं वाढलेलं दिसू शकतं आणि डॉक्टर घाबरतात, म्हणून सुरू करायच्या आधी एकदा टेस्ट करून घे आणि पुढं कधीही डॉक्टरांना घेतोय ते सांग. आधीपासून किडनीचा त्रास किंवा बीपी असेल तर त्यांना विचारल्याशिवाय नाही. त्याच रक्तात हिमोग्लोबिन आणि बी-ट्वेल्व पण बघायला सांग, शाकाहारी पोरांमध्ये बी-ट्वेल्व पुष्कळदा कमी निघतं, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर दम तिथंच अडकलाय, मग आधी त्याचा उपचार कर, क्रिएटीनचा डबा त्यानंतर आण.