गायरानावरचा मुरूम उपसा : पाहणी अहवालाची वाट बघत बसू नका

तुम्ही लिहिलंय की गावच्या गायरानावर मुरमासाठी पोकलेन चालू आहे, शेजारी खडी क्रशर बसतोय, त्याच माळावर लांडग्यांची बिळं आहेत आणि मेंढपाळांना आता तिकडे मेंढरं नेऊ देत नाहीत. निवेदन दिलंत, तर 'संयुक्त पाहणीचा अहवाल आल्यावर बघू' असं उत्तर मिळालं. आता प्रश्न असा की अहवालाची वाट बघावी की सह्यांची मोहीम सुरू करावी. हे वाचून राहवलं नाही. गावाचं नाव तेवढं बदला, ही आमचीच हकीकत आहे, त्या 'अहवाल आल्यावर बघू'सकट.

मी वकील नाही. खाली लिहितोय ते स्वतः कागद घेऊन फिरताना कळलेलं आहे. नियम बदलत राहतात, तेव्हा दाखल करण्याआधी पर्यावरणाची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला एकदा दाखवाच. सातबारा, गटनकाशा, ग्रामसभेचा ठराव, माहिती अधिकार यांबद्दल बोलत नाही. निवेदनापर्यंत पोचलात म्हणजे ते तुम्हाला ठाऊक असणार.

माझं सांगणं एकच: अहवालाची वाट बघू नका. सह्यांची मोहीम काढा किंवा काढू नका, पण कायद्यानं दिलेली मुदत तुमच्यासाठी थांबलेली नाही.

पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा २०१० चा. आपल्या भागासाठीचं पीठ पुण्यात बसतं. त्या कायद्याच्या कलम १४ खाली दाद मागायला सहा महिने मिळतात आणि ते वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून मोजतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस, त्यापुढे न्यायाधिकरणालाही विलंब माफ करता येत नाही. पर्यावरण मंजुरीलाच आव्हान द्यायचं असेल तर कलम १६ खाली फक्त ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त ६०. मंजुरी संकेतस्थळावर चढली, वर्तमानपत्रात जाहीर झाली, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, यातली सगळ्यात आधीची तारीख धरली जाते. तुमच्या हातात कागद कधी आला याला फारशी किंमत नाही.

आता आमचं काय झालं ते सांगतो. आमचं सगळ्यात मोठं नुकसान उपसा करणाऱ्यानं केलं नाही, एका कार्यालयानं केलं. नाव घेत नाही.

निवेदन दिलं तेव्हा वरच्या कोपऱ्यात शिक्का मारून प्रत परत मिळाली. शिक्क्यात आवक क्रमांकाची जागा कोरी होती. विचारलं तर म्हणाले, साहेबांच्या टेबलावर गेल्यावर पडेल. काही आठवड्यांनी पत्र आलं की 'आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात येत असून यापुढील पत्रव्यवहार संबंधित कार्यालयाशी करावा.' संबंधित कार्यालयानं विषय आपल्या अखत्यारीत नसल्याचं कळवून तोच अर्ज परत पहिल्याकडे पाठवला. मग संयुक्त पाहणी ठरली, पुढे ढकलली, परत ठरली. या सगळ्यात तिथला एक कर्मचारी आम्हाला मनापासून समजावत असल्यासारखं सांगत होता, 'अहवालाआधी कोर्टात जाल तर तुमचंच प्रकरण कच्चं पडेल.' माणूस सरकारी, कामाचा अनुभव दांडगा, गावानं विश्वास ठेवला. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. पाहणी अहवालाशिवाय अर्ज करता येतो आणि पाहणी करायला न्यायाधिकरण स्वतःच समिती नेमू शकतं. हे आम्हाला कळलं तोवर सहा महिने उलटून गेले होते, वरचे साठ दिवसही संपले होते.

आणि ती पाहणी कशी झाली? आदल्या संध्याकाळी पोकलेन उचलून नेली. सकाळी माळावर साखळीच्या पट्ट्यांचे ताजे ठसे होते, डिझेल सांडून काळी पडलेली माती होती, आणि खड्ड्याच्या एका कडेला मुरूम इतका कोरा दिसत होता की हात लावला तर ओल लागत होती. पंचनाम्यात यातलं काही आलं नाही. आलं एकच वाक्य: 'पाहणीवेळी उत्खनन सुरू असल्याचे आढळून आले नाही.' खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, काहीच नाही. मोजमाप नसेल तर किती ब्रास (मुरूम मोजायचं माप) गेले ते ठरत नाही आणि ब्रास ठरले नाहीत तर दंड कशावर लावणार? जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) मध्ये बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. तो आकडा आमच्या प्रकरणात कधी निघालाच नाही. आजही हे लिहिताना मला त्रास होतो, कारण तो खड्डा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

म्हणून पाहणीला कुणी आलं तर गावातली चार माणसं हजर ठेवा आणि ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्रानं मोजणी करण्याची लेखी मागणी तिथेच द्या. पंचनाम्यावर कोऱ्या जागा सोडून सही करायची नाही. पटत नसेल तर सहीच्या वर आपल्या हातानं लिहा: 'खड्ड्याचे मोजमाप घेतले नाही, मशीनचे ताजे ठसे दाखवूनही नोंद केली नाही', आणि तारीख घाला. लिहू देत नसतील तर त्याच दिवशी तेवढाच मजकूर ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं पाठवा. यापुढे प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माहिती अधिकारात नुसत्या प्रती मागण्यापेक्षा नस्ती, म्हणजे अख्खी फाइल, पाहायची मागणी करा. कलम २(ञ) मध्ये अभिलेखाची आणि कामाची पाहणी, दोन्ही येतात. टिपणीच्या पानांवर कळतं की अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होता.

'रस्त्याच्या कामाची माती आहे, मंजुरी लागत नाही' हे उत्तर तुम्हालाही मिळेल. मुरूम, खडीसारख्या गौण खनिजाला पर्यावरण मंजुरी लागते हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच सांगितलंय. रस्त्यासारख्या कामांसाठी साध्या मातीला २०२० मध्ये दिलेली सरसकट सूट त्याच न्यायालयानं २१ मार्च २०२४ ला रद्द केली. त्यानंतरही अधिसूचना निघाल्यात, म्हणून वाद घालत बसू नका. कुठल्या तरतुदीखाली सूट घेतली ते लेखी द्या, एवढंच मागा. मंजुरी असेल तर परिवेश या पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन अटी वाचा. प्रकल्पधारकानं दर १ जून आणि १ डिसेंबरला सहामाही अनुपालन अहवाल द्यायचा असतो आणि तो लोकांना बघता येतो. क्रशरसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र लागतं. त्यात वारा अडवणारी भिंत, पाण्याचे फवारे अशा अटी असतात. त्या अटींच्या शेजारी तुमच्या गावच्या धुळीचे फोटो ठेवा. कुठल्याही भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

फोटोंवरून आठवलं. व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटो पुरावा म्हणून दुबळा होतो, कारण त्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती निघून जाते. मूळ फाइल ज्या फोनमध्ये काढली तिथेच राहू द्या, प्रत वेगळी ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रावर तो फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही लागते, तेव्हा कुणी काय काढलं याची वही ठेवा. गुगल अर्थवर त्याच जागेची जुनी उपग्रहचित्रं मिळतात. माळ आधी कसा होता हे त्यातून तारखेनिशी दाखवता येतं.

आता लांडग्यांबद्दल, आणि इथे माझं मत ठाम आहे. बिळांचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका. ठिकाण लपवलं तरी मागचा डोंगर, विजेचा टॉवर बघून माणसं पोचतात. हिवाळ्यात पिल्लं असताना गर्दी झाली तर मादी पिल्लं हलवते. ज्यांना हलवता येत नाहीत त्यांचं काय होतं ते मी पाहिलंय. आपण वाचवायला निघालोय त्यांचाच ठावठिकाणा जगाला द्यायचा हे मला कधीच पटलं नाही. नोंद वनक्षेत्रपालांकडे द्या, जैवविविधता व्यवस्थापन समितीला लोकजैवविविधता नोंदवहीत घ्यायला लावा, एवढं पुरे.

दुसरं म्हणजे, लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये असला तरी १९७२ चा तो कायदा हरित न्यायाधिकरणाच्या यादीत नाही. त्या यादीत पाणी, हवा, वन संवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता असे मोजकेच कायदे आहेत. नुसतं 'लांडगे आहेत' म्हणून गेलात तर अधिकारक्षेत्राचा मुद्दा येईल. अर्जाचा कणा मंजुरी, संमतिपत्र, धूळ, पाणी हाच ठेवा आणि लांडगे, धाविक (माळावरचा पक्षी), खोकड हे त्या माळाचं मोल दाखवायला आणा. वन्यजीव गुन्ह्यासाठी वाट वेगळी आहे: कलम ५५ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक न्यायालयात तक्रार करू शकतो.

मेंढपाळांना पुढे करू नका, हेही कळकळीनं सांगतो. गावसभेत जोरात बोलणारे रात्री घरी झोपतात. तो माणूस बायकापोरांसह उघड्या माळावर मेंढरांच्या वाड्याशेजारी असतो. दमदाटी पहिल्यांदा त्याला होते. आणि लांडगा त्याचीच मेंढरं नेतो हे विसरून चालत नाही. त्याचं मेंढरू गेलं तर वनखात्याकडून भरपाई मिळवून देण्यासाठी त्याच दिवशी त्याच्यासोबत जा, मेलेलं जनावर हलवू न देता पंचनामा करून घ्या. हे न करता त्याच्या तोंडी 'लांडगे वाचवा' घालणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या बाजूचा मोठा आधार म्हणजे चराईचा हक्क आणि गायरान सार्वजनिक असणं. सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याबद्दलच आहे आणि त्याच वर्षी आपल्या राज्याचा शासन निर्णयही निघाला. दोन्ही जोडा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तेव्हा घरातली एखादी बाई अर्जदार व्हायला स्वतःहून तयार असेल तर तो मार्ग खुला आहे.

सह्या एका माणसाच्या नको, म्हणजे अर्जावर एकटं नाव नको. जुलै २०१० मध्ये गीरच्या भोवतालच्या बेकायदा खाणींविरुद्ध लढणाऱ्या अमित जेठवांना अहमदाबादेत उच्च न्यायालयासमोर गोळ्या घातल्या. घाबरवायला सांगत नाही. पण एकटं नाव म्हणजे एकटं लक्ष्य. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) सारख्या गावात निर्णय सर्वसहमतीनं होतात आणि आधी अभ्यासगट बसतो. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला त्यामागे वर्षानुवर्षांचं हे बसणं आहे. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, तरी निदान ठरावावर आणि अर्जावर भरपूर नावं असू देत. पोलिसांची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४९), म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून दिलेली, नोटीस आली तर गोंधळू नका. तो गुन्हा दाखल होणं नव्हे. घ्या, वाचा, प्रत ठेवा.

सह्यांची मोहीम वाईट नाही, पण स्थगिती मिळवणं तिच्याआधी. मुंबईत आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी झालेली झाडतोड आठवा: ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली तोवर २१४१ झाडं गेली होती. सह्यांची काही कमी नव्हती. खोदलेला माळही पुन्हा भरून येत नाही. मुरमाखाली गवत धरायला मातीच उरत नाही.

आमचं पुढे असं झालं की कलम १५ खाली, म्हणजे नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी, पाच वर्षांची मुदत असते तिचा आधार घ्यावा लागला. क्रशर थांबला. माळ मात्र अर्धा गेला होता. उपसा थांबवण्यासाठी लढणं आणि खड्डा भरून मागण्यासाठी लढणं यांत फार फरक आहे, आणि तुम्ही अजून पहिल्या टप्प्यावर असाल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. भरपाई मागत नसाल तर अर्जाचं शुल्क हजार रुपये आहे, ऑनलाइन दाखल होतं, स्वतः उभं राहून बोलताही येतं. तरी वकील घ्या.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही: पहिली मशीन माळावर कधी आली? ग्रामपंचायतीत, मेंढपाळांकडे, शेजारच्या शेतकऱ्यांच्या फोनमधल्या फोटोंत ती तारीख शोधा, आणि मंजुरी असेल तर परिवेशवर ती कधी चढली तेही बघा. दोन्ही तारखा इथे लिहा. कुठली मुदत अजून शिल्लक आहे ते मोजून सांगतो, मग अर्जाचा मसुदा कुठल्या कलमाखाली करायचा ते ठरवता येईल.