इमारत पडली नाही. पण सरळ उभी आहे का?

प्रश्न : आमची मुलुंडची सात मजली इमारत पाडून तिथे २२ मजली टॉवर होणार आहे. सभेत बिल्डरच्या माणसाने ‘टॉवर भूकंपरोधक आहे’ असं सांगितलं. माझा भाचा न्यूझीलंडला असतो. तो म्हणतो, तिकडे भूकंपानंतर आपोआप सरळ होणाऱ्या ‘सेल्फ-सेंटरिंग’ इमारती बांधतात. मी हे कमिटीत काढलं तर एक सभासद, जे स्वतः कॉन्ट्रॅक्टर आहेत, म्हणाले, ‘सेंट्रिंग तर आम्हीही करतो!’ सगळे हसले. हा प्रकार नक्की काय आहे? आम्ही तो मागावा का?
— सोसायटीच्या सचिव, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, कॉन्ट्रॅक्टरसाहेबांचं सेंट्रिंग म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू. स्लॅब पिकला की ते निघतं. तुमच्या भाच्याचं सेंटरिंग इमारतीत कायमचं राहतं.

‘भूकंपरोधक’ या शब्दाने लोकांची फार फसगत होते. आयएस १८९३ या आपल्या भूकंपाच्या संहितेप्रमाणे (२०१६ ची आवृत्ती, मुंबई झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात) चांगल्या डक्टाइल, म्हणजे न तुटता वाकू शकणाऱ्या, फ्रेमची रचना करताना भूकंपाचं पूर्ण बळ धरत नाहीत, त्याचा पाचवा हिस्सा धरतात. बाकीचं बळ बीमच्या टोकांशी सळ्या ताणून, काँक्रीटला तडे पाडून जिरवायचं. माणसं जिवंत बाहेर पडावीत, एवढंच त्यातलं वचन आहे. ताणलेली सळई मात्र परत आखडत नाही. केसातली पिन एकदा वाकवून बघा.

भुजच्या भूकंपानंतर, २००१ च्या फेब्रुवारीत, मी अहमदाबादला पाहणीला गेले होते. खाली पार्किंग, वर चार मजले अशी एक इमारत. वरच्या घरांना साधी चीर नव्हती, एका खिडकीत तुळशीची कुंडीसुद्धा जागेवर. पार्किंगमधल्या खांबाला मी वरून ओळंबा सोडला, तर खाली दोरी खांबापासून चार बोटं लांब. घरमालक सारखे विचारत होते, ‘पडली तर नाही ना? मग राहू?’ मी नाही म्हटलं. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

किती वाकडं म्हणजे फार वाकडं? जपानमधल्या एका अभ्यासात, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, असं दिसलं की मजल्याच्या उंचीच्या अर्धा टक्क्याहून जास्त कायमचा कल राहिला, तर दुरुस्तीपेक्षा पाडून बांधणं स्वस्त पडतं. तीन मीटरच्या मजल्याला हे होतात जेमतेम १५ मिलिमीटर. फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात क्राइस्टचर्चमध्ये न कोसळलेल्या कितीतरी इमारती नंतर पाडाव्या लागल्या, त्यामागचं एक कारण हेच.

आता भाच्याची गोष्ट. आई शिवणकाम करायची, तिची लाकडी रिकामी रिळं मी अजून ठेवली आहेत. पाच रिळं एकावर एक ठेवा आणि मधून इलॅस्टिक ओवून दोन्ही टोकांना घट्ट गाठ मारा. बोटाने ढकला : रिळांमध्ये एका बाजूला फट पडते, खांब कलतो. बोट काढा, इलॅस्टिक फटी मिटवतं आणि खांब ताठ. सेल्फ-सेंटरिंग फ्रेममध्ये बीम खांबाला एकजीव ओतत नाहीत, नुसता टेकवतात. बीममधून पोलादी केबल आरपार नेऊन ती जॅकने ओढून ठेवतात. फ्लायओव्हरच्या गर्डरमध्ये ओढतात तशीच, फरक एवढाच की तिच्याभोवती ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ घोळ, भरत नाहीत. इथे सगळी मेख आहे. मोकळी केबल सांध्यातली सहा मिलिमीटरची फट आपल्या वीस मीटर लांबीवर वाटून घेते आणि लवचीक राहते. ग्राउटमध्ये जखडलेली असती तर सगळा ताण त्या वीतभर जागेत येऊन ती तिथेच कायमची ताणली गेली असती.

पण नुसत्या इलॅस्टिकवर इमारत बराच वेळ डुलत राहील. म्हणून सांध्यात मऊ पोलादाचे डॅम्पर घालतात. ते वाकून ऊर्जा खातात आणि नंतर फ्यूजसारखे बदलता येतात. डॅम्पर फार दणकट झाले तर केबल त्यांना मागे खेचू शकत नाही आणि इमारत वाकडीच राहते, तेव्हा केबलची ओढ नेहमी वरचढ हवी.

हे हवेतलं नाही. न्यूझीलंडमध्ये १९८१ पासून साउथ रांगिटिकेई नावाचा रेल्वे पूल आहे, त्याचे उंच खांब मोठ्या भूकंपात पाय उचलून डुलतील असेच बांधलेत. सॅन फ्रान्सिस्कोत ३९ मजली पॅरामाउंट इमारतीत अशीच प्रीकास्ट (आधी ओतून मग जागेवर जोडलेली) फ्रेम आहे.

मागावं का? माझं मत, नको. सांध्यात फट उघडली की बीम खांबांना बाहेर ढकलतो आणि वरचा स्लॅब फाटायला बघतो. हा तपशील सोडवायला अनुभवी प्रीकास्टवाले लागतात. शिवाय इमारत सरळ झाली तरी ती डुललेली असतेच. भिंतींचे ब्लॉक, खिडक्या, लिफ्टचे रूळ यांचा वेगळा विचार करावा लागतो. शाळेसाठी, इस्पितळासाठी मी भांडले असते.

तुमच्या टॉवरसाठी दोन गोष्टींवर भांडा. एक, पार्किंगच्या मजल्यांवर खांब तोडून वरचे खांब बीमवर उभे केलेत का, ते ड्रॉइंगमध्ये बघा. दुसरी, काम सुरू झाल्यावर खांबाच्या रिंगा बघा. हूक १३५ अंशांत आत वळलेले हवेत. फिटर घाईत ९० वर सोडून देतात. मोबाइलवर फोटो काढा आणि तारखेसकट फाइलला लावा.

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या चाळीत गोटी ठेवली की गॅलरीकडे घरंगळते. २००१ मध्ये पंखे हलले होते. चाळ तेव्हा कलली असेल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : गोटीवरून काही कळत नाही, काका. लाकडी तुळया वर्षानुवर्षं मधोमध झोल खातात, आणि गॅलरीकडे तर पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. जिन्याच्या पोकळीत वरच्या मजल्यावरून ओळंबा सोडा. वारा नसेल त्या सकाळी, गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून, म्हणजे झोका थांबेल. दोरीचं भिंतीपासूनचं अंतर वर आणि खाली मोजा, पेन्सिलीने तारीख लिहा. मग दसऱ्यानंतर त्याच खिळ्यावरून पुन्हा. अंतर बदललं असेल तर मला नव्हे, आधी स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्याला बोलवा.