परक्या आज्या आणि घरची आजी

पत्र : मी मूळची कोल्हापूरची, वय २३. पदवीनंतर जर्मन शिकले आणि गेल्या सप्टेंबरपासून दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावी, वृद्धाश्रमात वर्षभराची स्वयंसेवा करते आहे. भरवणे, आंघोळ घालणे, डायपर बदलणे हे माझे काम. वडिलांनी नात्यात सगळीकडे सांगितले आहे की मी ‘एमएस’ करते. सुटीला मी भरपूर भटकते, फोटो टाकते, त्यामुळे सगळ्यांना माझी मजा चालली आहे असे वाटते. जानेवारीत आजी घरात पडली, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. आता आई एकटी तिचे सगळे करते. आत्या फोनवर म्हणाली, “घरची म्हातारी टाकून गोऱ्या म्हाताऱ्यांचे करायला गेलीस.” इथे माणसे कमी, म्हणून संध्याकाळी बऱ्याचदा मला मजल्यावर एकटीला ठेवतात, गोळ्याही द्यायला सांगतात. एक आजी रोज चारच्या सुमारास कोट घालून, पर्स घेऊन दाराशी उभी राहते आणि “ब्रेसलाउला घरी जायचे आहे, आई वाट पाहत असेल” म्हणते. तिला काय सांगावे तेही कळत नाही. पाच महिने उरले आहेत. सोडून येऊ का?
— ना इथली ना तिथली

उत्तर :

तुझ्या पत्रात सर्वांत मोठा आवाज आत्याचा आहे, आणि निर्णय घेताना सर्वांत कमी वजन त्यालाच द्यावे असे माझे मत आहे. ज्यांना तू ‘घरची म्हातारी’ टाकून गेलीस, त्या तुझ्या आत्याच्या सख्ख्या आई आहेत. आठवड्यातून दोन दुपारी त्यांच्याजवळ बसण्याचे काम एखाद्या लेकीने अंगावर घेतले, तर तुझ्या आईला तेवढाच विसावा मिळेल. ही गोष्ट तू आत्याला बोलून दाखवू नकोस. धाकट्यांनी बोललेले असले शब्द घरात वर्षानुवर्षे उगाळले जातात. तुझ्या वडिलांनी मात्र आपल्या बहिणीशी हे बोलायला हरकत नाही, आणि तसे तू त्यांना सुचवू शकतेस.

तू परत यावेस असे तुझी आई म्हणाली आहे का? पत्रात मी ते शोधले, मला सापडले नाही. आत्याचे म्हणणे तू आईचे म्हणणे समजून चालली आहेस. आईला निवांत वेळी, शेजारी कोणी नसताना फोन कर आणि सरळ विचार की तिला नेमके काय झेपत नाही : रात्रीचे उठणे, उचलणे, पैसा, की दिवसभर कोणाशी बोलायला न मिळणे. यांतल्या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे आणि फार थोड्यांसाठी तुझे विमानाने येणे आवश्यक आहे. दिवसभरासाठी बाई ठेवता आली, तर निम्मा भार हलका होतो. “ये” असे आईने स्वतःच्या तोंडाने म्हटले, तर मात्र माझा सल्ला बाजूला ठेव आणि ये.

दरम्यान एक गोष्ट तू तिथे बसून करू शकतेस. आपल्याकडे बहुतेक घरांत रुग्णाला काखेत हात घालून वर ओढतात. त्यात रुग्णाचे खांदे दुखावतात आणि ओढणाऱ्या बाईची कंबर धरते. तुला एव्हाना तिथल्या परिचारिकांनी शिकवले असेल की चादर आडवी दुमडून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली सरकवायची, दोघींनी दोन बाजूंना उभे राहून तिच्या कडा अंगालगत गुंडाळून घट्ट धरायच्या, गुडघे किंचित वाकवायचे आणि एकाच वेळी रुग्णाला वर सरकवायचे. हे आईला व्हिडिओ कॉलवर दाखव. कूस दर दोन तासांनी बदलावी, टाच गादीवर घासली जाऊ नये, माकडहाडापाशी लाली दिसली तर ते शय्याव्रणाचे, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचे, पहिले लक्षण समजावे, हेही सांग. खुब्याच्या ऑपरेशननंतर पाय कसा वळवायचा नाही, ते आधी आजींच्या डॉक्टरांना विचारायला लाव. आज घरात या विषयातले सर्वांत जास्त ज्ञान तुझ्याकडे आहे, आणि कोणी ते विचारत नाही. कारण सगळ्यांच्या लेखी तू ‘एमएस’ करते आहेस.

त्या खोट्याचा निकाल लवकर लाव. तू जे वर्ष करते आहेस त्याला जर्मनीत १९६४ पासून स्वतःचा कायदा आहे. शाळा संपवून पुढचे ठरवण्याआधी असंख्य जर्मन मुले-मुली ते करतात. २०११ पर्यंत तिथे मुलग्यांना लष्करी सेवा सक्तीची होती आणि जे शस्त्र हाती घ्यायला नकार देत, त्यांच्यातले पुष्कळजण त्याऐवजी रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत काम करीत. म्हणजे आज तिथे वकील, शिक्षक, इंजिनिअर असलेल्या अनेक प्रौढ पुरुषांनी ऐन विशीत म्हाताऱ्यांना भरवलेले आहे आणि ते कोणी लपवत नाही. वडिलांना ही माहिती दे आणि नात्यात खरे काय ते त्यांनीच सांगावे अशी विनंती कर. तुझ्याकडून परस्पर उघड झाले तर त्यांची मान खाली जाईल. फोटोंबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. लोकल गाड्यांनी बोडन्से सरोवराच्या काठी फिरून आलीस तर ती तुझी हक्काची सुटी आहे. फक्त आश्रमातल्या कोणाचाही चेहरा त्या फोटोंत कधी येऊ देऊ नकोस.

तुझ्या पत्रातली खरोखर गंभीर गोष्ट तू दोन ओळींत उरकली आहेस. स्वयंसेवकाने कर्मचाऱ्यांना हातभार लावायचा असतो, त्यांची जागा भरून काढायची नसते, हे त्या व्यवस्थेचे मूळ तत्त्व आहे. गोळ्या देणे हे प्रशिक्षित परिचारिकेचे काम आहे. उद्या चुकीची गोळी गेली, तर त्या म्हाताऱ्या जीवाला अपाय होईल आणि तूही अडचणीत येशील. पुढच्या वेळी शांतपणे सांग, “हे मला करण्याची परवानगी नाही.” कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या मजल्यावर एकटी होतीस ते वहीत लिहून ठेव. वर्षभरात तुला जे २५ दिवस प्रशिक्षणवर्गात बसवतात, ते वर्ग घेणारी, तुला पाठवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शक अशाच तक्रारींसाठी नेमलेली असते. वही घेऊन तिच्याकडे जा. सुधारणा झाली नाही, तर त्याच संस्थेमार्फत दुसरी जागा मागता येते. स्वतःहून काम सोडून मात्र निघू नकोस, कारण तुझा राहण्याचा परवाना याच सेवेला जोडलेला आहे. करारातली सूचनेची मुदत आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचे म्हणणे या दोन्ही गोष्टी आधी पाहाव्या लागतील.

दाराशी उभ्या राहणाऱ्या आजींना “तुमची आई वारली” असे सांगू नकोस. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तो धक्का दर वेळी नव्याने बसतो. “आई येतेय” असेही म्हणू नकोस. कोट अंगावर राहू दे, हात धरून बागेत एक फेरी मारून आण आणि ब्रेसलाउच्या घराबद्दल विचार : जिना कसा होता, नदी किती लांब होती, आई काय शिजवायची. १९४५ नंतर ते शहर पोलंडमध्ये गेले, आता ते व्रोत्स्वाफ आहे, आणि तिथल्या जर्मनांना घरदार सोडून निघावे लागले. तू कोल्हापूरची आहेस, म्हणून सांगते : त्याच युद्धात देशोधडीला लागलेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात तुझ्या शहराशेजारच्या वळिवडे छावणीत राहिले होते. त्या आजींना आता हे उमगणार नाही, पण “घरी जायचे आहे” हे वाक्य निव्वळ भ्रमातून आलेले नाही, एवढे तुला उमगावे.

तेव्हा, आईने बोलावले नाही आणि संध्याकाळच्या पाळीचा बंदोबस्त झाला, तर उरलेले पाच महिने पुरे कर, असे मी सांगेन. शेवटी मिळणारे प्रमाणपत्र केवळ कालावधीचे घेऊ नकोस; कोणती कामे केलीस आणि ती कशी केलीस हे त्यात नमूद करण्याची मागणी कर. तिथले परिचर्येचे शिक्षण तीन वर्षांचे असून त्या काळात विद्यावेतन मिळते. त्या वाटेने जायचे ठरवलेस तर ते प्रमाणपत्र कामी येईल, आणि भाषेची पुढची परीक्षा आतापासून मनावर घ्यावी लागेल.