मेकॅनिकल कीबोर्डचा खडखडाट कमी करून टायपिंग सुखाचे कसे करावे?

हॉट-स्वॅप (सोल्डरिंग न करता स्विच बदलता येणारा) कीबोर्ड, लिनिअर (मध्ये न अडखळता सरळ खाली जाणारे) स्विच, रात्री कामाला बसलात की घरचे जागे होतात आणि तासाभरात मनगट भरून येते, असे तुम्ही लिहिले आहे. नवे स्विच मागवायची घाई करू नका. आधी स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि शिफ्ट या लांब कळा दोन्ही टोकांना बोटाने टिचकून पाहा. तिथे पत्र्यासारखी किरकिर ऐकू आली, तर दोष स्टॅबिलायझरचा, म्हणजे लांब कळ समतोल ठेवणाऱ्या तारेच्या जोडणीचा आहे. महागडे स्विच घालूनही तो तसाच राहतो.

स्टॅबिलायझर बाहेर काढा. स्क्रूने पीसीबीला (आतल्या सर्किट बोर्डला) बसवलेला असेल तर त्यासाठी कीबोर्ड उघडावाच लागतो. त्यातली तार सपाट काचेवर ठेवा आणि एक टोक दाबा. दुसरे उचलले गेले, तर तार पिळलेली आहे; ती हाताने हळूहळू सरळ करा. मग तारेची जी टोके प्लॅस्टिकमध्ये शिरतात, तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारे घट्ट वंगण) सढळ हाताने लावा. प्लॅस्टिकच्या भिंतींना मात्र क्रायटॉक्स २०५जी० या वंगणाचा पातळ हात पुरे. तिथे जास्त झाले की स्पेसबार वर यायला आळस करतो.

स्विचलाही तेच २०५जी० चालते. स्विच काढून उघडा; खालच्या भागातल्या दोन्ही खाचा, स्टेमच्या (खालीवर सरकणाऱ्या दांड्याच्या) बाजू आणि स्प्रिंगची टोके, एवढ्यावरच बारीक ब्रश फिरवा. प्लॅस्टिकवर फक्त ओलसर चमक दिसली पाहिजे, पांढरा थर नको. संपर्काच्या धातूच्या पट्टीजवळ ब्रश नेऊ नका. तिथे ग्रीस साचले तर कधी अक्षर उमटत नाही, कधी दोनदा उमटते. आधी चारच स्विच करा आणि कोऱ्या स्विचशेजारी बसवून दाबून बघा. परत बसवताना पिना अगदी सरळ हव्यात आणि पीसीबीला मागून बोटाचा आधार हवा, नाहीतर सॉकेट उखडते आणि मग सोल्डरिंग करत बसावे लागते.

एवढे करूनही रात्रीसाठी आवाज जास्तच वाटला, तर सायलेंट स्विच घ्या. त्यांच्या स्टेमला असलेले रबर कळ खाली आपटताना आणि वर येताना, दोन्ही वेळचा ठोका शोषते. ओ-रिंग (कळेच्या टोपीखाली बसवायची रबरी कडी) फक्त खालचा ठोका मऊ करतात, शिवाय कळेचा प्रवासही कमी करतात; माझ्या मते त्यात पैसे घालू नयेत. पीसीबीच्या मागे टेप लावण्याचा उपाय सगळीकडे सुचवला जातो, पण त्याने आवाजाचा पोत बदलतो, आवाज फारसा कमी होत नाही. त्यापेक्षा केसच्या पोकळीत पातळ फोम आणि कीबोर्डखाली जाड मॅट घाला.

मनगटासाठी पहिली गोष्ट म्हणजे कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. ते उघडे असले की हात वरच्या बाजूला मुडपतो. रिस्ट रेस्ट कीबोर्डच्या पुढच्या कडेइतकाच उंच असावा आणि तळहात त्यावर फक्त थांबल्यावर टेकावा, टाइप करताना नाही.

कीबोर्ड क्यूएमके किंवा व्हाया (कळांची कामे बदलू देणारी सॉफ्टवेअर) चालवत असेल, तर कॅप्स लॉकला दुहेरी काम द्या: टिचकी मारली की एस्केप, धरून ठेवली की दुसरा लेयर, म्हणजे त्याच कळांना दिलेल्या वेगळ्या कामांचा संच. त्या लेयरमध्ये एच, जे, के, एल वर बाण बसवा, म्हणजे उजवा हात जागचा हलत नाही. क्यूएमकेमध्ये टिचकी की धरणे, हे ठरवणारा टॅपिंग टर्म मुळात २०० मिलिसेकंद असतो. एस्केप हवा असताना लेयर उघडू लागला, तर तो १०-१० ने वाढवा. बाणाऐवजी एच-जे उमटू लागले, तर कमी करा.