ॲडमिट होणं घटलं, ते योजनेमुळेच का?

प्रश्न : सहा महिन्यांत दोनदा तरी अचानक ॲडमिट झालेल्या हृदयविकार, मधुमेहाच्या रुग्णांकडे आमचा ट्रस्ट दर आठवड्याला नर्स पाठवतो. ती वजन, पायावरची सूज, गोळ्या तपासते. वर्षभरात त्यांचं ॲडमिट होणं निम्म्यावर आलं. देणगीदारांना योजना यशस्वी झाल्याचं कळवावं का?

उत्तर : इतक्यात नको. तुम्ही रुग्ण निवडलेत तेच त्यांच्या सर्वांत वाईट काळात. त्यानंतर बरेच जण एरवीही सावरतात. काही दगावतात, आणि त्यामुळेही आकडा खाली येतो. म्हणून मृत्यू वेगळे नोंदवायलाच हवेत.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात वारंवार ॲडमिट होणाऱ्या ८०० रुग्णांचे जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला घरभेटी आणि पाठपुरावा, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला : १८० दिवसांत पुन्हा ॲडमिट झालेले पहिल्या गटात ६२.३ टक्के, दुसऱ्यात ६१.७. म्हणजे फरक नाहीच. पण नुसते पहिल्या गटाचे आधीचे आणि नंतरचे आकडे ताडले असते, तर ते प्रमाण ३८ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं असतं. तुमचं ‘निम्म्यावर’ यातलंच असू शकतं.

तेव्हा तुलनेला दुसरा गट हवाच. नर्स कमी, रुग्ण जास्त अशी स्थिती असेल तर चिठ्ठ्या टाका आणि उरलेल्यांना सहा महिन्यांनी योजनेत घ्या. कुणावर अन्याय होत नाही. दोन्ही गटांची मोजणी यादीत नाव आल्याच्या तारखेपासून करा. नर्सला दारातून परत पाठवणारेही योजनेच्याच गटात मोजा. त्यांना गाळलंत, तर नेमाने गोळ्या घेणारेच मागे उरतात.

मोतीबिंदू, ठरलेली केमो यांसाठीचं ॲडमिट होणं धरू नका. खरी गफलत होते ती नोंदीत. रुग्ण रात्री जवळच्या खासगी दवाखान्यात जातो आणि तुमच्या रजिस्टरमध्ये काहीच येत नाही. शिवाय नर्स एकाच गटाकडे जाते, त्यामुळे त्याच गटाचं ॲडमिट होणं जास्त कळतं आणि चांगली योजनाही वाईट दिसते. म्हणून एकाच माणसाने दोन्ही गटांना महिन्यातून एकदा फोन करून तेच प्रश्न विचारावेत आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागवावा.

आणि संख्या! ॲडमिट होणारे ४० टक्क्यांवरून ३० वर आले, हे खात्रीने सांगायला प्रत्येक गटात साधारण ३५० रुग्ण लागतात. साठ-सत्तरच असतील तर देणगीदारांना सध्या किती भेटी झाल्या, किती जणांच्या चुकीच्या गोळ्या वेळेत लक्षात आल्या, एवढंच कळवा.