झायरा वसीमने अठराव्या वर्षी अभिनय सोडून प्रतिभा वाया घालवली, असं वाटत नाही का?

नाही. वाया काय गेलं? ‘दंगल’ (२०१६) आहे, ‘सीक्रेट सुपरस्टार’ (२०१७) आहे. पहिल्याच चित्रपटाला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘द स्काय इज पिंक’ तर तिने निवृत्ती जाहीर केल्यानंतर लागला. ३० जून २०१९ ला तिने स्वतः लिहिलं, की या कामामुळे धर्माशी असलेलं माझं नातं धोक्यात आलंय. कारण दिलंय, लोकांना ते पुरत नाही एवढंच.

हा प्रश्न मला झोंबतो, कारण घरात तो मला अजून विचारतात. शाळेत असताना मी एका रोजच्या मालिकेत नायकाची धाकटी बहीण होते. गोरेगावला बारा तासांची शिफ्ट, तीही कागदावर. दुसऱ्या दिवशीचा एपिसोड द्यायचा असला की रात्री अकराला सीन हातात पडायचा. पाठ कर आणि उभी राहा. बाबा मेकअप रूमबाहेर खुर्चीत पेंगत बसायचे. पैसे नव्वद दिवसांनी, आणि शेवटचे तर आलेच नाहीत. दहावीच्या आधी मी थांबले. त्यावर आत्या लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाली, “देवाने दिलेलं लाथाडलंस!” आज मी फिजिओथेरपिस्ट आहे, काम मनापासून आवडतं, तरी पाहुणे आले की ती तोच विषय काढते. आत्या सेटवर एकदाही आली नव्हती. तिला फक्त साडेसातचा एपिसोड दिसायचा.

झायराचं कारण मला पटत नाही. श्रद्धा आणि अभिनय यांचं वैर आहे असं मी मानत नाही. पण आयुष्य तिचं आहे, मला पटायची गरज काय? जानेवारी २०१७ मध्ये जम्मू-काश्मीरच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्तींना भेटली म्हणून या सोळा वर्षांच्या मुलीला लोकांनी इतकं झोडपलं, की तिने जाहीर माफी मागितली. तेव्हा तिच्या प्रतिभेची काळजी कुठे होती?

हां, ती आमिर खानच्या चित्रपटांतून नाव कमावून बाहेर पडली, हे खरं. ज्या मुलांच्या कमाईवर घराचा हप्ता जातो, त्यांना असं थांबता येत नाही.

तुमच्याकडे कुणी लेकरू काम सोडायचं म्हणत असेल तर करारातली मुदत आधी बघा, राहिलेले पैसे लेखी मागा. आणि नातेवाइकांना उत्तरं द्यायला त्याला पुढे करू नका, ते आईवडिलांचं काम. बाबांनी त्या पंगतीत आत्याला एकदा गप्प केलं असतं, तर तो विषय तिथेच मिटला असता.